बावन्नवर थांबलेली भेग

६ ऑक्टोबर, सोमवार
५२. आजही बावन्नच.

वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत टेप लावला, दोनदा लावला. मधे भेग. सरकारी कार्यालयानं मला भरायला दिलेल्या तक्त्याच्या माथ्यावर छापलंय — अंतर साठ सेंटिमीटर झालं की उतार रिकामा करण्याचा हुकूम निघेल. मी रोज सकाळी सात वाजता देवाकडे साठ मागते. कोण मागेल असलं काही? पण भेगेच्या बरोब्बर खाली ताईचं घर आहे, आणि ताईनं सांगून टाकलंय, "सरकारी कागद आला तर उठेन. तुझ्या तोंडच्या वाफेवर नाही."

माझी मोठी बहीण. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार
५२.

११ ऑक्टोबर, शनिवार
५२. ताईचं पुढचं दार लागेना. चौकट वाकडी झालीय. म्हणाली, "लाकूड फुगलंय." पाऊस जाऊन तीन आठवडे झाले, लाकूड आत्ता फुगलं!

तिच्या ओट्यावर बसले की सगळा डोंगर दिसतो. शाळेत पंचवीस वर्षं मी हाच भूगोल शिकवला — खाली उष्ण, वर थंड, मधल्या पट्ट्यात कॉफी. आता मधला पट्टाच वर सरकलाय. आमच्या लहानपणी कॉफी नदीजवळ व्हायची. तिथं ऊन सोसेना म्हणून लोक वर आले, झाडं तोडली, पायऱ्या खोदल्या. मग आणखी वर. आता वर नुसता खडक आहे, कॉफीला जायला जागा नाही आणि माणसांनाही नाही. तरणीताठी पोरं सगळी सपाटीवरच्या शहरात. उरलो आम्ही म्हातारे, वर्षाचं एक पीक, आणि ते न्यायला येणारा एक ट्रक.

तोडणी एक नोव्हेंबरला. फळं लाल व्हायला लागलीत. इतकी चांगली कधी आली नव्हती, तेही यंदाच.

१३ ऑक्टोबर, सोमवार
५२. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गेल्या महिन्यात मी भेग सरळ पाय टाकून ओलांडत होते. आज फळी टाकावी लागली. माझे पाय आखूड झाले की काय?

१४ ऑक्टोबर, मंगळवार
साडेपाचलाच गेले. किराणा दुकानदार खालच्या खुंटीपाशी उकिडवा बसलेला, हातात हातोडा. मला बघून उठलासुद्धा नाही.

"बाई, आज आमची पाळी होती."

पाळी! रोज एक घर. पहाटे यायचं, खालची खुंटी उपटायची, टेपनं बावन्न मोजून पुन्हा ठोकायची, जुनं भोक मातीनं बुजवायचं, वर पाला टाकायचा. महिना झाला म्हणे. साऱ्या उताराला ठाऊक, एक मी सोडून. माझ्याच शाळेत मोजायला शिकलेली माणसं ही!

मी पाला बाजूला केला. भोकं एका ओळीत होती. सगळ्यात खालच्या भोकापासून वरच्या खुंटीपर्यंत टेप लावला. ७४.

दुकानदार म्हणाला, "तोडणी होऊ द्या. मग आम्हीच तुम्हाला खरा आकडा आणून देतो. आत्ता उठवलंत तर वर्षभर खायचं काय?"

मी विचारलं, माझ्या घराची पाळी कोण करतं? मान खाली घालून हसला. "तुमच्या ताई. दोन्ही घरांची त्याच करतात."

त्या गुडघ्यांनी!

१५ ऑक्टोबर, बुधवार
ताईशी कडाक्याचं भांडण. "तू मेलीस तर?" म्हटलं. "मेले तर इथं मरेन. खाली जाऊन कुणाच्या जिन्याखाली पथारी टाकू?" मग स्वतःच पाणी आणून दिलं. ती चौथीतून शाळा सोडून मळ्यात गेली म्हणून मी पुढं शिकले. त्यामुळं तिच्याशी भांडताना मी नेहमीच अर्ध्यावर गप्प होते. आजही झाले.

मग घरी येऊन तक्त्यात ७४ लिहिलं आणि पाकीट कार्यालयात पोचवायला जीपवाल्याकडे दिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार
७७. कार्यालयाचं उत्तर नाही. दुकानात मला साबण मिळाला, पण शब्द मिळाला नाही. कुणी बोलत नाही. खुंटी मात्र आता कुणी हलवत नाही — बाईंनी कळवलंय म्हटल्यावर काय उपयोग.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
८१. उत्तर नाही. ताईच्या चुलीमागची भिंत फुटली. हाताचा पंजा आत जातो. तिनं तिथं कॅलेंडर टांगलंय.

२७ ऑक्टोबर, सोमवार
आज स्वतः कार्यालयात गेले. जीपमधून तीन तास, कंबर मोडली. दाराला कुलूप नव्हतं, आत फक्त शिपाई. साहेबांची बदली झाली, म्हणाला, जागा भरलीच नाही. वर्ष होत आलं.

"मग माझे तक्ते?"

त्यानं कपाटामागून पोतं ओढलं. माझी सगळी पाकिटं. एकही फोडलेलं नाही. "बघा बाई, एक हरवू दिलं नाही," म्हणाला, आणि खरंच अभिमानानं म्हणाला! रागवायचं तरी कुणावर?

वरच्या मजल्यावर गेले. तिथले लोक म्हणाले, हे खालच्या मजल्याचं काम.

जिन्यात बसून रडले. साठचा हुकूम काढणारं कुणी नव्हतंच. महिनाभर सगळा उतार पहाटे उठून फसवत होता, पण फसायला पलीकडे माणूसच नव्हता. आणि ताई त्या गुडघ्यांनी चढत होती!

पुन्हा खाली आले तेव्हा शिपाई चहा आणायला गेला होता. टेबलावर कार्यालयाचे छापील कागद, शिक्का आणि शाईचं पॅड.

एकच कागद घेतला, शिक्का मारून.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
८९. हुकूम लिहून झाला. चार ओळी. अक्षर बदलायचा फार प्रयत्न केला, जमलं नाही — अर्ध्या उताराला हेच अक्षर मी गिरवायला लावलंय, बघताक्षणी ओळखतील. तोडणीला चार दिवस उरलेत. हे लोक उठले की पीक झाडावर सडणार, ट्रक दुसऱ्या डोंगरावर जाणार, आणि पुन्हा वर कुणी येणार नाही. हे मला कळत नाही असं नाही. मी एका सहीत डोंगर बंद करतेय. आणि नाही केली तर?

केली सही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
ताईनं कागद बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "साहेबांचं अक्षर वळणदार आहे हो," म्हणाली. डोळे पुसले, चष्मा लावला, अंगणात जाऊन घराघराला हाका मारल्या आणि हुकूम खड्या आवाजात वाचून दाखवला. दुकानदारानं बघायला मागितला. तिनं कागद घडी करून कमरेला खोचला, कुणाच्या हातात दिला नाही.