वसुधाचा फोन अपडेट होतोय

३१ जुलै, गुरुवार. सकाळी ११
बायकोचा फोन फारच स्लो. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो नवा घ्या. त्याचं काय जातंय! मी तीन व्हिडिओ बघितलेत, फर्मवेअर, म्हणजे फोनचं आतलं सॉफ्टवेअर, घरीच टाकणार. फोनमध्ये आईच्या आवाजातली मंगळागौरीची चौदा गाणी आहेत. आई गेली, आता तेवढीच उरली. येत्या मंगळवारी आमच्या लेकीची, दीप्तीची पहिली मंगळागौर, तेव्हा तीच लावायची आहेत. म्हणून आधी बॅकअप घेतला. त्याच फोनमध्ये, वेगळा फोल्डर करून. घाई करणाऱ्यातला हा नंदू नाही.

दुपारी १
फाइल मिळाली. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं आहे, पण तारीख ताजी. टाकली.

दुपारी ३
स्क्रीन काळी. म्हणजे आतून काम चालू आहे. वसुधाने फोन मागितला, अपडेट होतोय म्हटलं. एक वाजता हे खरंच होतं.

१ ऑगस्ट
फोन जागा करायचा तर व्हॉल्यूम आणि पॉवर दोन्ही बटणं दाबून त्याच क्षणी केबल लावायची. पायाच्या अंगठ्याने जमत होतं, तेवढ्यात वसुधा आली. योगासनं म्हणालो. तिने माझ्याभोवतीचा केर काढला. बहुतेक पटलं.

२ ऑगस्ट
वन बीएचकेत माणसाने जावं कुठे? हॉलमध्ये वसुधा, किचनमध्ये वसुधा. बाल्कनीत गेलो तर समोरच्या विंगमधून माधुरीवहिनी हातवारे करून विचारतात, गाणी कधी पाठवताय, झिम्म्याची प्रॅक्टिस राहिलीय. बाथरूममध्ये फोन घेऊन पाऊण तास बसलो. बाहेरून विचारणा झाली, पोट बिघडलंय का. हो म्हणालो. रात्री मऊ भात.

३ ऑगस्ट, रविवार
मुलुंड स्टेशनजवळ मिथुनचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याला फक्त सेकंड ओपिनियनसाठी दाखवला. म्हणाला, बोर्ड बदलला तर फोन चालेल, आतलं काही मिळणार नाही. मी म्हटलं, बॅकअप आहे. कुठे, त्याने विचारलं. सांगितलं. त्याने मला स्टूल दिलं आणि पाणी हवंय का विचारलं.

४ ऑगस्ट
उद्या खरं सांगायचं. नक्की. तोवर गाणी आठवून लिहून काढू म्हटलं, लहानपणापासून ऐकलीत. तीन ओळी आठवल्या, त्यातली एक साबणाच्या जाहिरातीची निघाली. आईचा आवाज मी घालवला. दुसऱ्या कोणी नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७
वसुधा पत्री निवडत होती. सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही. "गाणी दीप्तीकडे आहेत. तुम्ही व्हिडिओ बघायला लागलात तेव्हाच पाठवली."
मग पाच दिवस गप्प का राहिलीस, मी विचारलं.
"पाच दिवसांत घरातलं दुसरं काही खोलायला घेतलं नाहीत."

रात्री ११
सोसायटीच्या हॉलमध्ये दीप्तीने तिच्या फोनवर पहिलं गाणं लावलं. गाण्याआधी आई खोकली, मग म्हणाली, "वसू, हे पोरीला पाठवून ठेव. नंदूच्या हातात देऊ नकोस गं."
सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, मग डोळे पुसावे लागले. पुन्हा लाव म्हटलं. दीप्तीने तीनदा लावलं. फोन मात्र हातात दिला नाही.