चांगल्या पायाची पट्टी

दि. ९ डिसेंबर

जावईबापू,

सप्रेम आशीर्वाद. सप्रेम हा शब्द सवयीने पडला, त्यावरून फार काही समजून घेऊ नका. इकडे सगळे बरे आहेत. थंडी बरीच वाढली आहे.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्याकडून इकडे आलेल्या घोडीला ब्लँकेट कसं घालावं यावर तुम्ही मला पानंच्या पानं शहाणपण पाजळलं आहे. ते मानेकडून मागे सरकवत न्यावं, म्हणजे केस उलटे फिरत नाहीत, हे वाचून तर मी धन्य झालो. जन्मभर घोडेस्वारीची शाळा चालवली, तुम्हाला रिकिबीत पाय ठेवायला मीच शिकवलं, पण एवढं ज्ञान तेवढं राहूनच गेलं होतं बघा.

घोडीच्या अंगावर जे निळं ब्लँकेट आलं, त्याच्या कोपऱ्यात तुमच्या नावाची सोनेरी अक्षरं आहेत. ते तुम्ही घोडी घामाने निथळत असताना तसंच चढवलंत, छातीचा पट्टा आवळलात आणि पुन्हा काढून पाहिलं नाहीत. आतून कुबट वास येत होता आणि खांद्यावरची कातडी सोलली होती. ते मी धुऊन ठेवलं आहे. सध्या तिच्या अंगावर आमचं जुनं, ठिगळं लावलेलं आहे. दिसायला भिकार आहे, पण घोडीला फोटो काढून घ्यायची हौस नाही.

आता पट्ट्या. उडी चुकली आणि पुढचा डावा पाय दुखावला, हे कुणाच्याही हातून होतं. त्याबद्दल मी बोल लावत नाही. डाव्या पायाला तुम्ही खाली कापूस देऊन पट्टी बांधलीत, तीही काय सुबक! प्रदर्शनात मांडावी अशी. आणि उजवा पाय उघडा. अहो, डावा टेकवत नाही म्हटल्यावर ती उभी कशावर राहणार होती? शेजारच्या चांगल्या पायालाही पट्टी बांधतात, कारण सगळा भार त्याच्यावर येतो. हे शाळेत मी पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. तुम्ही तेव्हा बूट पुसत असाल. गाडीतून उतरली तेव्हा तिचा डावा जवळजवळ बरा होता आणि उजवा सुजून खांब झाला होता. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "दुखरा पाय वाचला हो, चांगला गेला." तेव्हा स्पर्धेआधी घोडी परत पाठवा वगैरे जे लिहिलं आहे, ते विसरा. ती यापुढे उडी मारणार नाही.

घोडीमागोमाग आमची मुलगी उतरली. तिच्या अंगात ताप होता. घोडी लंगडायला लागल्यापासून ती तबेल्यातच उभी होती, शेक देत, आणि तुम्ही दुसऱ्या घोड्यावर सराव करत होतात. वर तुम्ही तिला म्हणालात, "तुझंच घोडीकडे लक्ष नव्हतं." त्यावर तिने घोडी गाडीत चढवली आणि स्वतःही चढली. हे तिने सांगितलेलं नाही. तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं. तुमच्याविरुद्ध एक शब्द तिच्या तोंडून निघत नाही. असा कसला नवरा मी तिला बघून दिला, हा विचार मी रोज करतो.

एवढ्या लांबलचक पत्रात तुम्ही तिच्याविषयी चकार शब्द लिहिला नाहीत.

पाकिटावरचं तुमचं अक्षर तिने ओळखलं होतं. जेवताना म्हणाली, "बाबा, माझ्याबद्दल काय लिहिलंय त्याने?"

मी घास चावत बसलो. मग म्हणालो, "विचारलंय."

"काय?"

"ताप उतरला का म्हणून."

"त्याला कळलं होतं? ताप आहे ते?" असं ती म्हणाली आणि इतकी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना. इथे आल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

जन्मात पहिल्यांदा मी तुमची बाजू घेतली, तीही धडधडीत खोटं बोलून. पत्र वाचायला मागत होती, तर हरवलं म्हणून सांगितलं. ते मी जाळलं आहे.

तेव्हा आता बसा आणि तिला पत्र लिहा. ताप उतरला का, एवढं विचारा. घोडी, ब्लँकेट, पट्ट्या यातलं काही त्यात नको. तुम्हाला कळलं होतं, असं लिहा. असं पत्र आलं तर ती तुमच्याकडे परत जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि नेमकं तेच मला नको आहे.

तरीही लिहा.

आपला म्हणवत नाही, म्हणून नुसताच,
तिचा बाप