मांडीवरचा सुंभ

उरायासु, ९ मे २०१३

अरुणा, तूच मला इकडे धाडलीस, हे आधी कबूल कर. जा ताई, नातीशी दोन शब्द बोल, म्हणालीस. महिना झाला, एक शब्द मिळालेला नाही. आता आशीर्वाद घे. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते.

जुई नऊ वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते आणि मेधा मध्ये बसून मला सांगते. नातीशी बोलायला सुनेची मध्यस्थी लागते. विनय सकाळी टोकियोला बँकेत जातो, घरी येतो तो जेवून झोपायलाच. दोन वर्षांमागच्या भूकंपात इथे जमिनीतून चिखल वर आला होता म्हणे, फुटपाथ अजून कललेला आहे, पण कचरा मात्र पाच पिशव्यांत वेगळा करायचा. परवा मी भलत्याच पिशवीत सालं टाकली. जुईने ती उचलून बरोबर जागी टाकली, अवाक्षर काढलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरचं तिकीट विनयकडून तीस जूनवर आणून घेतलं आहे. तुझ्या मोहनला सांगून माझं घर उघड.

तुझी ताई


पालशेत, २२ मे २०१३

ती. ताईस अरुणाचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे, माझे कान सोडून.

तुझा राग पोचला. घर उघडलं. मोहनने कौलं चाळली, सुचेता सूनबाईने दोन दिवस राबून झाडलं-पुसलं. ये खुशाल. पण एक विचारते. तू त्या पोरीशी बोलतेस की तिची हजेरी घेतेस? मी साठी ओलांडली तरी तुझ्यासमोर जपून बोलते. तिच्या मराठीला तू नावं ठेवली असशील. खरं लिही.

माया कमी करू नकोस.

तुझी अरुणा


उरायासु, १० जून २०१३

चि. अरुणास आशीर्वाद, आणि तुझं खरं आहे. आल्या दिवशी पोर मराठीत बोलली तेव्हा मी हसले होते. पुढचं वाच.

काल मेधाने आम्हा दोघींना टोकियोत हवाई बेटांचं आणि त्या बाजूच्या इतर बेटांचं संग्रहालय बघायला नेलं. छताला देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगला आहे. राजाचा पिसांचा झगा आहे, त्यापायी किती पाखरं बोडकी केली देव जाणे. ते लोकही अळकुड्या खातात, दगडाने कुटून. एक होडी होती, फळ्या सुंभाने शिवलेल्या, आपल्या बाबांच्या होडीसारख्या. तिच्यापाशी मी जरा थांबले. पाय दुखत होते.

पुढे टेबलावर काथ्या ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याने वळून पाहावा म्हणून. तिथली बाई बोटांनी वळून दाखवत होती. तसला दोर शेळीसुद्धा तोडेल. मी खाली बसले, लुगडं गुडघ्यावर घेतलं, तळहातावर थुंकले आणि मांडीवर सुंभ वळायला लागले. इथे लोक रस्त्यात नाकही शिंकरत नाहीत, त्यात मी थुंकले. मेधा पाणी प्यायला म्हणून जी गेली ती येईना. जुई लाल झाली, पण जागची हलली नाही. बाई धावत आली. मला वाटलं आता बाहेर काढणार. तिने एक फोटो आणला होता. बेटावरचा म्हातारा, अशीच उघडी मांडी, असाच सुंभ. मग ती विचारत सुटली, आणि मला सांगायला जुईशिवाय कुणी नव्हतं.

काथ्या सुटायला नारळाची सोडणं कुठे कुजत पुरता, किती महिने, खाडीचा चिखलच का लागतो. पोर तिचं ऐकून मला मराठीत विचारायची आणि माझं तिला जपानीत सांगायची. चिखलाच्या वासाला शब्द सापडेना तेव्हा नाक दाबून दाखवलं. अर्धा तास हे चाललं. चुका ढिगाने केल्या. मी एकही काढली नाही. ते मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

बाईने विचारलं, सप्टेंबरात येऊन शाळेच्या मुलांना शिकवाल का. जुईने मला न विचारता होकार देऊन टाकला. मागाहून मला मराठीत बजावलं की आजी आता जायची नाही. तेव्हा तिकीट परत नोव्हेंबरला गेलं. सुचेताला सांग, घर पुन्हा लावून घे, आणि शिव्या द्यायच्या त्या मोठ्याने दे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर ठेवायला जागा नाही. पाकिटात जुईचा वेगळा कागद आहे, मराठीत. आपले बाबा कसे होते, ते तिने तुला विचारलं आहे. तू धाकटी, तुझ्या वाट्याला ते बरे आले. उत्तर तिच्या नावाने घाल, तुझ्या हाताने, मोहनकडून लिहवून नाही. मला पत्र नको.

ताई