ह्यांच्या हातासाठी एक मशीन

सोमवार, ३ मार्च

आजी म्हणाला मला! 'आजी, नातवासाठी हवाय का कॉम्प्युटर?' कॉम्प्युटरच्या दुकानातला विकणारा पोरगा, गळ्यात टाय, केसांना तेल की काय ते चोपडलेलं. मी म्हटलं, नातू नाही, नवऱ्यासाठी हवा आहे, आणि त्यावर रेल्वे चालवण्याचा खेळ खेळायचा आहे. तर टायवाला हसला. एक काचेचं खोकं पुढे केलं. आतून सात रंगांचे दिवे लागतात म्हणे. मी विचारलं, ह्या दिव्यांचं काम काय? तर म्हणे, दिसायला छान. विचारलं, आत प्रोसेसर कोणता? म्हणाला, 'लेटेस्ट.'

ऑपरेशन थिएटरमध्ये 'कोणतं इंजेक्शन?' ह्याला कुणी नर्सने 'लेटेस्ट' असं उत्तर दिलं असतं, तर मी तिला स्वतः गेटपर्यंत सोडून आले असते. एकतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. आणि हा मला दिवे दाखवतो!

काही न घेता परत. हे मागच्या खोलीत, सकाळी खुर्चीत बसवलं तसेच.

'जेवलात?'

'हं.'

बुधवार, ५ मार्च

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. जाताना स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, 'सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? अजून महिना-दीड महिना हात असाच मांडीवर पडून राहिला, तर बोटं आखडतील ती कायमची. त्यांना स्वतःला काही करावंसं वाटलं पाहिजे.'

मला कळतं ते. नोव्हेंबरात झटका आला, उजवी बाजू गेली. पाय सावरला, बोलणं सावरलं, हाताची ताकदही परत येतेय. पण ह्यांना त्याचं काही नाहीच. दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो दोन दिवस दिसेना. शेवटी सापडला, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. टेबल आता डुगडुगत नाही, एवढाच फायदा!

रेल्वेच्या खेळाची कल्पना लेकीची. म्हणते, खऱ्या इंजिनात असतो तसा लिव्हर मिळतो, तो हाताने पुढे-मागे ढकलायचा. चौतीस वर्षं ह्या माणसाने इंजिन चालवलं. फोनवर म्हणाली, 'आई, बाबांना त्यांची गाडी परत दे. बघ हात कसा हलतो ते.'

घरातला कॉम्प्युटर पत्र लिहिण्यापुरता. त्यात हा खेळ उघडतसुद्धा नाही. तयार घ्यावा तर निम्मे पैसे त्या दिव्यांचे. लेक म्हणते, सुटे भाग घे आणि घरी जोड. फार उंची नको, रद्दी नको, मधल्या पट्टीतलं.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर वाचत बसले. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. शरीरशास्त्राचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हाही नावं सगळी पाठ होती, आणि कोण कुणाला जोडलंय ते कळत नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

लाँड्रीच्या मागे तळघरात एक दुकान आहे. पाटी नीट दिसत नाही. आत एक बाई, चाळिशीच्या. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. मनातल्या मनात नाव ठेवलं — चष्मेवाली.

मी तयारीने गेले होते, भांडायच्या. तिने मान वर न करता विचारलं, 'खेळ कोणता?'

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं! सांगितल्यावर हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाली, मारामारीचे खेळ असतात त्यांना चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड भारी लागतं. ह्या खेळात डबे, रूळ, सिग्नल, सगळ्याचा हिशोब प्रोसेसरला करावा लागतो. तेव्हा प्रोसेसर चांगला घ्या, आत हिशोब करणारे गाभे असतात, कोअर म्हणतात ते, आठ नकोत, सहा पुरे, पण एकेक गाभा चपळ हवा. कार्ड बेताचं. मग विचारलं, घरात पडदा केवढा आहे? मी हातांनी दाखवला. 'मग त्या पडद्याला पुरेल तेवढंच कार्ड. मोठं कार्ड घेतल्याने पडदा मोठा होत नाही, ताई.'

मी आयुष्यभर सर्जन पाहिले. पेशंटला हात लावण्याआधी विचारणारे फार थोडे. ही त्यांतली.

रॅम मी सर्वांत मोठी म्हटली होती. तिने निम्म्यावर आणली. 'दोन पट्ट्या घ्या, जोडीने चालतात. पुढे लागली तर दोन जागा रिकाम्या आहेत.' हिला माल खपवायचा आहे की नाही!

मंगळवार, ११ मार्च

आज सगळं घेतलं. एकाच गोष्टीवर खटका उडाला. पॉवर सप्लाय. मी म्हटलं, वीजच तर द्यायची आहे त्याने, साधा द्या. चष्मेवालीने डोळ्यांवरचा चष्मा काढला, डोक्यावरचा लावला, आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

'इथे हात आखडू नका. बाकी काही बिघडलं तर ते एकटं बिघडतं. हा बिघडला तर चौघांना घेऊन जातो.'

भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल मी नव्या मुलींना अगदी हेच सांगायचे. मुकाट्याने चांगला घेतला.

कॅबिनेट साधं, काळं, पुढे जाळी. एकही दिवा नाही. मी तिला ऑपरेशन थिएटरबद्दल सांगितलं तर म्हणाली, 'मग जोडून कशाला नेता, सिस्टर? घरी स्वतः जोडा. अडलं तर फोन करा.'

सिस्टर म्हणाली. आजी नाही. घरापर्यंत पिशव्या हलक्या लागल्या.

शनिवार, १५ मार्च

जोडलं! मी!

जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली. भाग ओळीने मांडले. स्क्रू वाट्यांत, आकाराप्रमाणे. कात्री उजवीकडे. हात कोपरापर्यंत धुतले. प्रोसेसर जागेवर ठेवला तेव्हा श्वास रोखला होता. जोर लावायचा नाही, तो आपोआप बसतो. केवढं नाजूक आणि केवढं नेमकं काम! कुणीतरी कुठेतरी बसून हे इतकं बारीक रेखलंय, त्याला माझा नमस्कार.

मात्र कारखान्यातली स्वच्छता विचारू नका. प्रोसेसरवर बसतो तो कूलर — त्याच्या बुडाला करडा, चिकट लेप! नव्या कोऱ्या वस्तूला! बोटाला लागला तो निघेना. स्पिरिट घेतलं, कापूस घेतला, लख्ख पुसून काढलं. आरशासारखं झालं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला. मागच्या खोलीकडे ओरडून सांगितलं, चालू झालं हो!

आतून, 'हं.'

सोमवार, १७ मार्च

बंद पडलं. खेळ सुरू झाला की पाच-सात मिनिटांत पंखे किंचाळायला लागतात आणि पडदा काळा. चार वेळा.

दुकानात फोन लावला. कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी बाहेर काढलं, जे मी फक्त फार चिडल्यावर काढते. खराब माल गळ्यात मारला, म्हाताऱ्या बाईला फसवलं, ग्राहक न्यायालयात खेचीन — सगळं बोलले. चष्मेवालीने ऐकून घेतलं. 'मशीन घेऊन या, बघते,' एवढंच. सिस्टर म्हणाली नाही.

मीच मला म्हातारी म्हणाले, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

बुधवार, १९ मार्च

काय लिहू! क्रमाने लिहिते.

दुकानात न्यायच्या आधी शेवटचं एकदा चालू करून पाहिलं. पंखे किंचाळायला लागले. तेवढ्यात मागे पाय घासत आल्याचा आवाज. हे दारात. कुणी न बोलावता, खुर्चीतून उठून.

टेबलाशी आले. कान लावला कॅबिनेटला. मग तळवा ठेवला वरच्या जाळीवर. उजवा.

'बिघडलेलं नाही हे,' म्हणाले. 'तापतंय. दम लागतोय, म्हणून थांबतंय बिचारं.'

नोव्हेंबरपासून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. 'उघड,' म्हणाले. उघडलं. कूलर काढून दिला. त्यांनी तो उलटा करून उजेडात धरला.

'हे इतकं कोरडं कसं?'

'घाण होती. मी पुसली.'

माझ्याकडे बघत राहिले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची धरून बसावं लागलं त्यांना. हसत होते! डोळ्यांतून पाणी.

'अगं, तो लेप उष्णता वर नेतो. नशीब माझं, तुला कधी इंजिन शेडमध्ये नेलं नाही. सगळी वंगणं पुसून आली असतीस.'

मला राग यायला हवा होता. आला नाही.

गुरुवार, २० मार्च

दोघं रिक्षाने दुकानात. पायऱ्या अकरा. कठडा धरून स्वतः उतरले.

कॉन्व्हेंटमध्ये माफी मागायला शिकवलं होतं. चूक सांगायची, कारण सांगायचं नाही. तशी मागितली. चष्मेवाली म्हणाली, इतका स्वच्छ कूलर तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि मग, 'बसा, सिस्टर.'

तिने त्याच लेपाची, पेस्टची नळी उघडली, तर हे म्हणाले, मी लावू का? पुढे केला तो उजवा हात. मला वाटलं, आता ही स्वतः घेईल. तिने नळी ह्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, तांदळाच्या दाण्याएवढी, बरोबर मधोमध. तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिने एकाकडेही पाहिलं नाही. ह्यांनी दोनदा चुकवली, तिने दोनदा पुसून दिली. तिसऱ्यांदा दाणा पडला. मधोमध.

मी नर्सिंग शिकवलंय. असा धीर मी शिकवू शकले नाही कुणाला.

सोमवार, २४ मार्च

लिव्हर आला. जोडला. मशीन तासभर चाललं, पंखा जेमतेम गुणगुणतो. दृष्ट काढावी असं!

ह्यांना बसवलं. रूळ, पूल, शेतं — पडद्यावर काय सुंदर दिसतं! आणि हे काय चालवतात! स्टेशनात गाडी अशी थांबवली की फलाटावरच्या खुणेला टेकली. मी हा माणूस कामावर कधी पाहिलाच नव्हता. बोटं लिव्हरभोवती घट्ट. मी लेकीला फोन लावायला उठणार, तोच दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबवली आणि हात काढून घेतला.

'चांगलं केलंयस मशीन,' म्हणाले. 'तू चालव.'

दहा मिनिटं! दोन आठवडे तळघराच्या पायऱ्या चढले-उतरले, ते दहा मिनिटांसाठी! विचारलं, सिग्नल चुकीचे आहेत का? नाही. ब्रेक खोटा वाटतो का? नाही, अगदी खरा आहे. मग? हे उठले. भाजी निवडायला घेतली. उजव्या हाताने. रागात तेही उशिरा दिसलं.

गुरुवार, १० एप्रिल

मागच्या आठवड्यात चष्मेवालीचा फोन आला, माझ्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी! एका मशीनमध्ये कसलातरी आवाज येतो, तिला पत्ता लागत नाही. हे गेले. पंख्याचं बेअरिंग निघालं. तेव्हापासून रोज साडेनऊला जातात. डबा नेतात. बारीक स्क्रू बसवतात. काल व्यायामवाल्या बाईंनी बोटं एकेक करून पाहिली आणि म्हणाल्या, आता माझं काम फारसं उरलं नाही. मी आत जाऊन उगाच गॅस पुसला.

तेवढं ते खेळाचं मनात राहिलं आहे. मशीन इतकं देखणं झालंय, आणि हे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मंगळवार, १५ एप्रिल

दुपारी घरात एकटी. म्हणून मीच गाडी चालवली. एक स्टेशन हुकलं, एक ओलांडून थांबले, हसू आलं. मग पुढे फाटकापाशी एक माणूस रुळांवर आला. खेळातला. चित्रच ते. मी लिव्हर पूर्ण मागे ओढून धरला. गाडी थांबत नाही. धरून ठेवला तरी थांबत नाही.

संध्याकाळी हे दारात बुटाचे बंद सोडत होते. विचारलं, 'तुमच्या गाडीपुढे कधी कुणी आलं होतं का हो?'

'तीनदा,' म्हणाले. आणि दुसरा बूट काढला.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि हे मी विचारलं आज. मी नर्स होते.