मासे दाखवणारे यंत्र आणि आमची खुंटाची जागा

मी, कुमारी हंसा रामनाथ तामोरे, वय बावीस, बी.ए., राहणार मुरबे, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. मला आजार नाही. उद्या पहाटे सुकाकाकांच्या होडीतून मी प्रथमच मासेमारीला जाणार आहे आणि मला पोहता येत नाही, एवढेच कारण.

१. माझी पुस्तके गावच्या शाळेला द्यावीत. पदवीचे प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून लावले आहे, ते तिथेच राहावे. मात्र पाहुण्यांनी हात धुतल्याशिवाय त्याच्याजवळ जायचे नाही, ही बाबांची अट माझ्यानंतर तरी सैल व्हावी.

२. निळी छत्री शेजारच्या नर्मदामावशींना. या पोरीला वलांडीवर बोंबील वाळत लावता येत नाहीत, असे त्या तीन वर्षे गावभर सांगत आहेत. ते खरे आहे. छत्री देताना आईने काही बोलू नये.

३. मासे दाखवणारे यंत्र. तारापूरच्या बांधकामावरच्या परदेशी साहेबांच्या पत्नीला मी मराठी शिकवले, त्याची ही भेट. हिरवी पत्र्याची पेटी, आत बॅटऱ्या, पाण्यात सोडायची तार आणि एक गोल तबकडी. खाली मासे असले की तबकडीवर लाल दिवा चमकतो आणि ते किती वाव खोल आहेत ते कळते. हे पाहून मी भारावले. प्रत्येक लहान होडीने असे यंत्र घ्यावे, असे पत्रक लिहून मी मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावले.

बाबांनी ते समुद्रावर पाच वेळा नेले. पाचही वेळा दिवा चमकला, पाचही वेळा बाबा आनंदाने परतले. आमचे जाळे, म्हणजे डोल, मात्र रोजच्यासारखीच भरली. मग मासे धरले का नाहीत, असे मी विचारले.

बाबा म्हणाले, "धरनार कसे? डोल खुंटाला बांधलेली हाय. मासे होडीखाली होते."

डोल जागची हलत नाही, भरतीओहोटीबरोबर मासेच तिच्यात येतात, हे कोळ्याच्या मुलीला बी.ए. झाल्यावर कळले. शिक्षणासाठी मी बाहेर राहिले, आणि आमच्यात बायका होडीत बसत नाहीत. तरी ही सबब पुरेशी नाही. म्हणून माझे मत दुरुस्त करते: डोलवाल्याला हे यंत्र निरुपयोगी, होडी हवी तिथे नेऊन गळ टाकणाऱ्याला घेण्यासारखे असावे. सुकाकाका गळ टाकतात. उद्या हेच पडताळायचे आहे. मी परतले नाही तर यंत्र काकांना द्यावे, तेही पेटी परत आली असल्यास.

४. समुद्रातली आमच्या खुंटाची जागा आजोबांपासूनची. नवापूरच्या तात्या आक्रेंकडे साहेबांचेच दुसरे, मोठे यंत्र आहे. त्याच्या बदल्यात ही जागा त्यांना द्यायला बाबा निघाले आहेत, आणि तेही माझे पत्रक वाचून. माझे चुकले, हे मी चार दिवस सांगते आहे. बाबांचे उत्तर एकच: "तोंडी नको. तेव्हा लिवलं होतंस, आता पन लिवून दे." म्हणून लिहिते. जागा माझी नाही, तेव्हा ती देण्याचा मला अधिकार नाही. ती कोणालाही देऊ नये, ही माझी शेवटची इच्छा आहे. तिच्यावर आमच्या घराचे पोट आहे.

वरील मजकूर मी घरात वाचून दाखवला. बाबांनी नीट ऐकून विचारले, "ह्ये तू मेल्यावर लागू ना? तू तर उद्या दुपारी येनार. तात्या सकाळीच येतोय."

कायद्याने ते बरोबर होते. मी लगेच पुढील ओळ घातली: "कलम चारपुरते मला आजपासून मयत समजावे."

आई जमना उठून चुलीपाशी गेली. बाबांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि कागद माझ्या हातातून घेतला.

"खोड ती," ते म्हणाले. "जागा कोनाला देत नाय. पत्रकात लिव, चूक तुझी नाय, रामनाथला वाचता येत नव्हतं. पन मेल्याचं तसलं लिवू नको."

बाबांना उत्तम वाचता येते. पत्रकात मी तसे लिहिणार नाही, चूक माझ्याच नावावर राहील. ओळ खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. तात्यांना निरोप गेला. बाकीची कलमे कायम.

आई आणि काका साक्षीला तयार होते, पण त्यांना माझ्याकडून काही मिळणार असल्याने मी नको म्हटले. आईला काय मिळणार हे लिहायचेच राहिले होते: माझे सर्व कपडे, आणि त्या खोडलेल्या ओळीबद्दल मी मागते ती माफी.

साक्षीदार:
१. एकनाथ धर्मा मेहेर, शिक्षक, मुरबे
२. दिनानाथ वामन राऊत, बागायतदार, उमरोळी

सही: हंसा रामनाथ तामोरे
मुरबे, रविवार, १२ नोव्हेंबर १९६७