प्रतीक्षायादीतली पहिली

४ मार्च, सोमवार

ठरलं! सार्वजनिक आरोग्यात एम.एस्सी. करायची. नोकरी न सोडता, घरबसल्या, ऑनलाइन. नोकरी करणाऱ्यांसाठीच काढलेला अभ्यासक्रम आहे, वर्ग शनिवार-रविवारी. पंचेचाळिशीत हे काय नवीन, असं कोणी म्हणेल. म्हणू दे!

झालं काय, सकाळी एका शाळेच्या टाकीचं पाणी तपासायला आलं होतं. वाईट निघालं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मी हेच करते — बाटली येते, तपासायची, ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ लिहायचं, सही करायची, पुढची बाटली. आज काय वाटलं कोण जाणे, अहवाल गेल्यावर संबंधित कार्यालयात फोन लावला. विचारलं, "मुलं आजारी पडलीत का हो?"

"ते आमच्याकडे नाही, बाई. ते दुसरं खातं."

फोन ठेवला. दिवसभर तेच डोक्यात. मला त्या दुसऱ्या खात्यात जायचंय! बाटलीच्या पुढे काय होतं, ते बघायचंय.

संध्याकाळी दुकानात जाऊन यांना सांगितलं. हे गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच पुसत होते. वर न बघता म्हणाले, "कर की."

एवढंच! मी वाटेत अख्खं भांडण तयार करून नेलं होतं. सगळं वाया.

६ मार्च, बुधवार

आज एक नवलच घडलं. धाकटीबरोबर हसले!

धाकटी म्हणजे माझी जाऊ. समोरच्याच दारात राहते, रुग्णालयाच्या औषधविभागात काम करते. आमच्यात कधी भांडण नाही, पण कधी गप्पाही नाहीत. "कसं काय, ताई?" "बरं आहे." की दारं बंद. बारा-तेरा वर्षं असंच चाललंय.

आज अर्ज भरताना ते पान पुढेच सरकेना. लाल अक्षरात काहीतरी ओरडायचं आणि तिथेच थांबायचं. शेवटी समोरची बेल वाजवली. ती आली, बाह्या सारल्या, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "ताई, फोटोच्या जागी तुम्ही विजेचं बिल चढवलंय."

मी म्हटलं, "अगं, हल्ली दोघांकडे बघून सारखाच धक्का बसतो!"

ती इतकी हसली, इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. मग मीही. आई — माझ्या सासूबाई — आतून बघायला आल्या की कोण पडलं.

जाताना दारात थांबली. म्हणाली, "ताई, मीही भरू का हो अर्ज? मला कशात तरी डोकं घालायचंय."

म्हटलं, "भर की!"

अगदी यांच्यासारखंच.

१० मार्च, रविवार

‘आपण हा अभ्यासक्रम का निवडला’ यावर निबंध लिहायचा आहे. लिहिला. आईंना वाचायला दिला, ही चूक! आई निवृत्त मुख्याध्यापिका. लाल पेन अजून जवळ बाळगतात.

‘मला लहानपणापासून समाजसेवेची ओढ आहे’ — खोडलं. समासात लिहिलं : खोटं.

‘या पदवीमुळे माझी क्षितिजे विस्तारतील’ — खोडलं. समासात : म्हणजे काय?

म्हणाल्या, "त्या शाळेच्या टाकीचं मला जसं तावातावाने सांगितलंस ना, तसं लिही. आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ."

धाकटीच्या निबंधावर फक्त ‘छान’ लिहिलं! मला थोडं लागलंच. धाकटी कानात म्हणाली, "ताई, त्या तुमच्यासाठी पेन झिजवतात. मला पाहुणी समजतात." हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

१५ मार्च, शुक्रवार

शिफारसपत्रासाठी साहेबांकडे गेले. आमचे साहेब भले, पण प्रत्येक गोष्टीत त्यांना आधी संकटच दिसतं.

"तुम्ही गेल्यावर पाणी कोण तपासणार?"

"मी कुठे जात नाही सर. ऑनलाइन आहे."

"म्हणजे इथे बसून तिथे?"

"घरी बसून, सर. सुटीच्या दिवशी."

"मग सुटी कधी?"

दोघंही पंख्याकडे बघत बसलो. शेवटी त्यांनी कागद ओढला. संध्याकाळी पत्र हातात दिलं तेव्हा खाली बघत होते. लिहिलंय : ‘या बाईंना मी आजवर एकही गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. त्यांनी मात्र मला बऱ्याच सांगितल्या आहेत, आणि त्या बरोबर होत्या.’

जिन्यात उभी राहून पुन्हा वाचलं. डोळे भरून आले, उगाच.

१९ मार्च, मंगळवार

पाठवला! दोघींनी शेजारी बसून एकदम बटण दाबलं. तिचा लगेच गेला. माझा गोल-गोल फिरत बसला. आई म्हणाल्या, "अगं, नमस्कार केलास का त्याला?"

३० मार्च, शनिवार

मुलाखत झाली! लिहिताना अजून हसू येतंय.

घरचं इंटरनेट ऐनवेळी बसलं. धावत यांच्या दुकानात. मागच्या खोलीत, जिथे नजर तपासतात, तिथे मला बसवलं. हे दाराबाहेर राखणीला. समोर पडद्यावर तीन प्राध्यापक — दोन बायका, एक बुवा.

पहिल्याच प्रश्नाला ते बुवा पुढे वाकले, डोळे बारीक केले. "बाई, तुमच्या मागे तक्ता आहे का? मला तिसऱ्या ओळीच्या खालचं काही दिसत नाही."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग नंबर वाढलाय सर. दुकानात येऊन जा!"

मेले, असं वाटलं. मग तिघंही खो-खो हसले. बाहेरून यांचं हसू ऐकू आलं! त्यानंतर मुलाखत कुठली, गप्पाच. टाकीचं विचारलं. सांगितलं. शेवटी एक बाई म्हणाल्या, "त्या मुलांचं पुढे काय झालं, कळलं का?" म्हटलं, "नाही ना! म्हणून तर आलेय."

धाकटीची दुपारी झाली. तिला विचारलं, कशी झाली? म्हणाली, "तुमच्याएवढी गाजली नाही." रात्रीच्या जेवणाला दोन्ही घरं एकत्र. भाऊजींनी — माझ्या दिरांनी — तक्त्याची नक्कल करून दाखवली.

१२ एप्रिल, शुक्रवार

निकाल. धाकटीला प्रवेश मिळाला.

मी प्रतीक्षायादीत. पहिली. कोणी जागा सोडली तरच.

१३ एप्रिल, शनिवार

तिचं अभिनंदन केलं. तोंडभरून केलं. मग आत येऊन कपाट आवरलं. आवरलेलंच होतं.

कशाला खोटं लिहू, जळफळाट झालाय. माझं बघून तिने भरला अर्ज! मला हवं होतं, तिला नुसतं डोकं घालायचं होतं. आई माझ्याजवळ येऊन बसल्या, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. त्यांना घड्या घालता येत नाहीत. मी नंतर परत घातल्या.

१५ एप्रिल, सोमवार

धाकटी आली. बेल न वाजवता, सरळ स्वयंपाकघरात.

"ताई, तुम्ही दोन दिवस माझ्याशी फार गोड बोलताय. मला भीती वाटते."

म्हटलं, "अगं, राग आलाय मला. तुझा नाही... तुझाच."

"मग या ना रागावून! भांडा! आत्ता कुठे आपलं बोलणं सुरू झालंय. तुम्ही परत ‘बरं आहे’वर गेलात तर मी काय करू?"

रडली. मीही रडले. मग तिला म्हटलं, "तुझी पुस्तकं आली की मला वाचायला देशील?" म्हणाली, "आधी तुम्ही वाचा आणि मला समजावून सांगा." मन एकदम हलकं झालं. नाही मिळाली जागा तर पुढच्या वर्षी भरीन. टाकी कुठे पळून जातेय!

१८ एप्रिल, गुरुवार

कामावर साहेबांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. म्हणाले, "पहिला नंबर म्हणजे मिळाल्यातच जमा." आमचे साहेब! चांगलं होईल म्हणाले!

२३ एप्रिल, मंगळवार

मिळाली!! जागा मिळाली!!!

दुपारी मेल आला. ‘एक जागा रिक्त झाल्याने...’ पुढचं वाचलंच नाही. प्रयोगशाळेत बाटल्यांच्या मधोमध उडी मारली. तिथल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. यांना फोन केला तर हे गिऱ्हाइकाला म्हणाले, "थांबा हो, माझी बायको कॉलेजात चाललीय!" आणि दुकान बंद करून घरी आले. आईंनी लाल पेन माझ्या हातात ठेवलं. "आता तूच वापर," म्हणाल्या.

धाकटी सगळ्यात शेवटी आली. मिठी मारली, सोडेचना. म्हटलं, "अगं, आता दोघी एका वर्गात!" ती नुसती मान हलवत राहिली.

२६ एप्रिल, शुक्रवार

धाकटीने आज सांगितलं. रिकामी झालेली जागा तिचीच होती.

मूल दत्तक मिळावं म्हणून दोघांनी कधीचं नाव नोंदवलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात फोन आला. मुलगी आहे, दीड वर्षाची. अभ्यास जमणार नाही, म्हणून प्रवेश रद्द केला. सगळी कागदपत्रं होईपर्यंत बोलायचा धीर होत नव्हता.

उद्या तिला आणायला जायचंय. धाकटी म्हणते, "ताई, तुम्ही सोबत हव्या."

उद्याच माझं पहिलं लेक्चर आहे.

बुडवणार!