बिल्ला नंबर २११४

देहूरोड,
१२ जानेवारी २०२६

चि. संघर्ष,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम, वि. वि.

काल, रविवारी ११ जानेवारीला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, पिंपळे सौदागरच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात तू तुझ्या आजीला कामावरून काढून टाकलंस.

कारखान्यांचे जुने बिल्ले जमवतोस, कौतुक आहे. म्हणून तर माझ्या ट्रंकेतला बिल्ला तुला दिला. काचेखाली चिठ्ठी काय? ‘कालकथित अण्णासाहेब, दारूगोळा कारखाना.’ अरे, तुझे आजोबा अण्णा जन्मभर बाजारात सायकली दुरुस्त करत बसले. कारखान्यात बाँबमध्ये दारू भरायची ती केसरबाई, माझी आई.

व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नकोस. पत्र लिही. लोभ आहेच, सध्या कपाटात ठेवलाय.
इंदूआत्या

पिंपळे सौदागर,
१६ जानेवारी

ती. इंदूआत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी सूनबाई अनिता दोन दिवस हसतेय. बाबा कायम ‘अण्णांचा बिल्ला’ म्हणायचे, म्हणून तसं लिहिलं. नाव बदलतो गं. पण आमचे संग्राहक पुरावा मागतात, आणि तेव्हाची हजेरीपुस्तकं कुठून आणू? तोवर ‘अज्ञात कामगार’ लिहू का? बिल्ला मात्र चकाचक केलाय. मागची पिन तुटलेली होती, नवी स्टीलची बसवली. मळकी नाडी होती, ती सोडवून पाकिटात ठेवलीय.

लोभ कपाटातून काढावा.
संघर्ष

देहूरोड,
१९ जानेवारी

चि. संघर्ष,
आशीर्वाद.

अज्ञात म्हणे! पुरावा तूच पाकिटात घालून बसलायस. दारूच्या खात्यात लोखंड न्यायची बंदी, ठिणगीच्या भीतीनं. पितळी बिल्ला चालायचा, लोखंडी पिन नाही. म्हणून आईनं पिन स्वतः मोडली आणि नाडी ओवून बिल्ला गळ्यात बांधला. परकराची नाडी आहे ती. अण्णा परकर नेसायचे का, विचार तुझ्या संग्राहकांना.

आणखी एक, कुणालाच न सांगितलेलं. चौथीत सिस्टरनी फॉर्म भरून घेतला. आईच्या रकान्यात मी ‘घरकाम’ लिहिलं. दारूनं पिवळे पडलेले तिचे हात मला कॉन्व्हेंटात नको होते. त्याच हातानं तिनं खाली सही केली. एकदा मी तिला पुसून टाकलं, एकदा तू. आता बास.

स्टीलची पिन काढ, नाडी बांध, चिठ्ठी बदल. शनिवारी, २४ जानेवारीला, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर माझ्या हातात हवं. नाहीतर रविवारी चाकणच्या प्रदर्शनात तुझ्या काचेशेजारी खुर्ची टाकून बसेन, आणि येईल त्याला नाडीचा खुलासा करेन.

उत्तर पेनानं लिही. आजीचं नाव, नंबर आणि काम, तिन्ही त्यात हवं.
तुझी आत्या, केसरबाईची मुलगी
इंदू